मक्याच्या ताटांतील पालाश
(भाषणाचा मजकूर)



नाशिक, जळगाव, धुळे, छत्रपती संभाजीनगर, जालना या जिल्ह्यांत मक्याचे पीक चांगलेच रुजले आहे. कोंबडीखाद्य, स्टार्च आणि अलीकडे इथेनॉल यांमुळे त्याला मागणी आहे. संकरित बियाणे गावोगाव पोहोचले, युरियाही पोहोचला. मागे राहिला तो पालाश.

याला एक समजूत कारणीभूत आहे. महाराष्ट्रातील काळ्या जमिनीत पालाश मुबलक आहे, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले, आणि ते खोटेही नव्हते. परंतु जमिनीत असलेला पालाश वेगळा आणि मुळांना मिळणारा वेगळा. त्याचा फार मोठा भाग खनिजांत अडकलेला असतो. मातीतील पाण्यात विरघळलेला भाग अत्यल्प असतो. मका हे तर खादाड पीक. नत्राच्या जवळपास बरोबरीने ते पालाश उचलते, आणि तोही बहुतेक कणसाचे केस बाहेर पडेपर्यंतच.

पालाश कमी पडला की खालच्या पानांच्या कडा टोकापासून पिवळ्या पडून करपतात, ताटे लोळतात, कणसाच्या टोकाला दाणे भरत नाहीत. नत्राच्या उणिवेत मात्र पिवळेपणा पानाच्या मधल्या शिरेलगत उतरतो. शिक्षकांनी हा फरक विद्यार्थ्यांना बांधावर नेऊन दाखवावा, इतका तो स्पष्ट आहे. तो न कळल्यामुळेच करपलेल्या कडा पाहून युरियाचा आणखी एक हप्ता दिला जातो; खर्च वाढतो आणि पीक अधिकच लोळते.

यापुढचा हिशेब ताटांचा आहे. पिकाने घेतलेल्या नत्राचा मोठा वाटा दाण्यात जातो. पालाशाचा मोठा वाटा ताटांत व पानांत राहतो. म्हणजे दाणा बाजारात गेल्याने जमिनीचे जितके नुकसान होत नाही, तितके ताटे कापून नेल्याने होते. चारा तर जनावरांना हवाच. पण खाल्लेला पालाश जनावराच्या अंगी थोडाच लागतो. बहुतांश मूत्रावाटे बाहेर पडतो, आणि ते मूत्र गोठ्यातून गटारात जाते. उरलेले शेण उघड्या उकिरड्यावर पावसाने धुऊन निघते. शेताचा पालाश असा गावाच्या ओढ्याला मिळतो! गोठ्यात काडीकचरा अंथरून मूत्र शोषून घेणे, खत खड्ड्यात कुजविणे आणि खड्डा मातीने लिंपणे ही जुनीच कामे आहेत. ग्रामपंचायतीने मनावर घेतल्यास ती अवघड नाहीत. चांगल्या कुजलेल्या 10 टन शेणखतातून सुमारे 50 किलो पालाश मिळतो. पोटॅश खतासाठी आपला देश आयातीवर अवलंबून आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

मक्यासाठी हेक्टरी 10 ते 12 टन शेणखत आणि 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद, 40 किलो पालाश ही सर्वसाधारण शिफारस आहे. 40 किलो पालाश म्हणजे सुमारे 67 किलो म्युरेट ऑफ पोटॅश. स्फुरद व पालाश पेरणीच्या वेळी, तर नत्र तीन हप्त्यांत द्यावे. माती परीक्षणाचा अहवाल हाती असल्यास मात्रा त्याप्रमाणे बदलावी.

जिवाणूखतांविषयी अवास्तव अपेक्षा नको. अ‍ॅझोटोबॅक्टर व अ‍ॅझोस्पिरिलम हवेतील थोडे नत्र पिकाला मिळवून देतात. फ्रॅट्युरियासारखे जिवाणू पालाश निर्माण करीत नाहीत. सेंद्रिय आम्ले सोडून खनिजांत अडकलेला पालाश मोकळा करतात. त्यासाठी त्यांना सेंद्रिय पदार्थांचे अन्न लागते. खताविना माळरानावर पाकीट रिकामे करणे म्हणजे पैसे मातीत घालणे. बाजारातील मक्याच्या बियाण्यास बहुधा औषध लावलेले असते. त्यावर संवर्धन चोळण्यापेक्षा ते ओलसर, कुजलेल्या शेणखतात मिसळून सायंकाळी सरीत द्यावे आणि लगेच मातीआड करावे. रासायनिक खतात ते मिसळू नये. पाकिटावरील अंतिम तारीख मात्र दुकानातच पाहून घ्यावी, आणि उन्हात ठेवलेले पाकीट घेऊच नये.