आकाशातील शाळेचा पट



शाळेचा पट म्हणजे केवळ नावांची यादी नव्हे. शाळा कोणापर्यंत पोहोचली आणि कोण तिच्याबाहेर राहिले, याची ती साक्ष असते. ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्ज येथील ‘स्कूल ऑफ द एअर’ या सरकारी शाळेचा पट या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

ही शाळा १९५१ साली सुरू झाली. दुर्गम भागात विमानाने वैद्यकीय मदत पोहोचविणाऱ्या सेवेचे रेडिओ-जाळे तेथे आधीच होते. त्याच यंत्रणेवरून पाठ दिले जाऊ लागले. या शतकाच्या पहिल्या दशकात रेडिओची जागा उपग्रहाद्वारे चालणाऱ्या दृकश्राव्य वर्गांनी घेतली.

शाळेचे कार्यक्षेत्र सुमारे १३ लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौपट आहे. पटसंख्या मात्र शंभर-दीडशेच्या आसपास. केवळ आकड्यांवर निर्णय झाला असता, तर अशी शाळा टिकलीच नसती. परंतु या मुलांना रोज जाता येईल अशी दुसरी शाळा नाही, हेच तिच्या अस्तित्वाचे कारण होय.

पटावर गुरांच्या विस्तीर्ण कुरणांवर राहणाऱ्या कुटुंबांची मुले आहेत, आदिवासी वस्त्यांतील आहेत, राष्ट्रीय उद्यानांतील कर्मचाऱ्यांची आहेत आणि प्रवासात असलेल्या कुटुंबांचीही आहेत. कुटुंबाचा मुक्काम हलला की पटही बदलतो. म्हणून एका दिवसाची पटसंख्या येथे पूर्ण चित्र देत नाही.

याहून महत्त्वाची बाब घरातील आहे. पडद्यावरील पाठ दिवसातील थोडाच वेळ चालतो. उरलेल्या वेळी मुलाजवळ बसून अभ्यास करून घेणारी प्रौढ व्यक्ती लागते. बहुधा ती आई असते किंवा त्यासाठी नेमलेली शिक्षिका. ज्या घरी असा आधार नाही, तेथे यंत्र पोहोचले तरी शिक्षण पोहोचतेच असे नाही.

२०२० साली साथीमुळे महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या आणि पाठ मोबाईलवरून येऊ लागले, तेव्हा हाच अनुभव आला. मजुरीस जाणाऱ्या आईबापांबरोबरच घरातील एकुलता मोबाईलही कामावर जात असे.

तेव्हा पट तपासताना शिक्षकांनी, अधिकाऱ्यांनी आणि पंचायत सदस्यांनी संख्येपाशी थांबू नये. मूल किती दूर राहते, कुटुंब केव्हा स्थलांतर करते आणि घरी अभ्यासाला कोण बसते, या तीन गोष्टींचीही विचारपूस व्हावी. पटावर नाव चढविणे ही सुरुवात आहे. त्या नावामागचे मूल शिकते आहे की नाही, हे पाहणे हेच खरे कर्तव्य होय.