मशीन बघून दिलेलं बक्षीस

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच एक विनंती. प्रश्न विचारताना माझ्याकडे तोंड करून विचारा आणि हात ओठांसमोर धरू नका. मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. मशीन लावते, आणि जे मशीनमधून येत नाही ते ओठांवरून वाचते. म्हणूनच संयोजकांना सांगून तुमच्या बाजूचे दिवे चालू ठेवलेत.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, पण आज बोलणार आहे टीव्हीवरच्या रिअॅलिटी शोबद्दल. निवडणुकीत आपण ‘सहानुभूतीची लाट’ म्हणतो. तसाच आरोप या शोमधल्या स्पर्धकांवर होतो. स्पर्धक कर्णबधिर असला आणि पुढे गेला, की लगेच म्हणतात, लोकांनी कीव येऊन मतं दिली. हा आरोप माझ्यावरही झालाय, टीव्हीवर न जाता. म्हणून आधी माझी गोष्ट सांगते.

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. गॅदरिंगमध्ये एकपात्री अभिनयाची स्पर्धा होती. मी महिनाभर तयारी केली होती. माझ्या खालाच्या लकबींवर बेतलेलं पात्र होतं. लोक पोट धरून हसले आणि मला पहिलं बक्षीस मिळालं. टाळ्या चालू असताना हॉलच्या दुसऱ्या टोकाला माझ्याच वर्गातला एक मुलगा मित्राशी बोलत होता. एवढ्या गोंगाटात, एवढ्या लांबून कुणाला ऐकू जाणार, असं त्याला वाटलं असेल. मला ऐकू आलंच नाही. मी वाचलं. ‘बिचारीला मशीन बघून दिलं.’

अम्मीने ती ट्रॉफी कपाटावर ठेवली. मी मात्र तिच्याकडे कधी नीट बघितलं नाही. त्या दिवसापासून मी ओढणी कानांवरून घ्यायला लागले. अम्मीला बरंच वाटलं. ती लहानपणापासून सांगत होती, ‘पाहुणे आलेत, ओढणी नीट घे, मशीन दिसतंय.’ तिला रिश्त्याची काळजी होती, मला बक्षिसाची. पुढे एका कंपनीच्या मुलाखतीला मी मशीन काढूनच गेले. निवड झाली तर ती फक्त माझ्या कामावर व्हावी, असा हट्ट. समोरच्याने एक विचारलं, मी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. ती नोकरी गेली. त्या मुलाच्या एका वाक्याची किंमत मी अशी भरली.

आता २०२१ कडे येते. घरून काम चालू होतं आणि आमचा क्लायंट ब्रिटनमधला होता. त्या शरद ऋतूत तिकडच्या सहकाऱ्यांचा सोमवारचा कॉल कामाने सुरूच होत नसे. विषय एकच, रोझ एलिंग-एलिस. ही जन्मापासून बधिर असलेली अभिनेत्री बीबीसीच्या ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’मध्ये जोव्हानी पर्निचे या नर्तकाबरोबर नाचत होती. आपल्याकडचा ‘झलक दिखला जा’ याच घराण्यातला. ‘स्ट्रिक्टली’च्या इतिहासातली ती पहिली बधिर स्पर्धक. एका कॉलमध्ये एकाने चॅटवर लिहिलं, ‘जिंकणार ती. सहानुभूतीची मतं.’ मी उत्तर टाइप केलं आणि पुसून टाकलं. मला माझी ट्रॉफी आठवली.

मग मी तिचे नाच यूट्यूबवर बघायला घेतले. सहाव्या आठवड्यात तिला परीक्षकांनी ४० पैकी ४० गुण दिले होते. एवढ्या लवकर पूर्ण गुण त्या कार्यक्रमात तोवर कुणालाच मिळाले नव्हते. नोव्हेंबरमधल्या एका नाचात गाणं मध्येच काही सेकंद थांबवलं गेलं आणि ती दोघं शांततेत नाचत राहिली, ठेका न चुकता. त्या क्षणाला पुढच्या वर्षी बाफ्टा पुरस्कार मिळाला. १८ डिसेंबरला अंतिम फेरी झाली. तिथे विजेता फक्त प्रेक्षकांच्या मतांवर ठरतो. परीक्षकांचे गुण मार्गदर्शनापुरते. त्या गुणांत दोन्ही जोड्या बरोबरीत होत्या, १२० पैकी ११९. प्रेक्षकांनी रोझला जिंकवलं.

सहानुभूतीचं एकही मत पडलं नसेल, असं मी म्हणत नाही. लाखो लोक मत देतात, प्रत्येकाच्या मनात काय होतं हे कोण सांगणार? पण सहानुभूती एवढी जोरदार असेल, तर बाकीच्यांचं काय झालं ते बघा. अमेरिकेत २००३ मध्ये ‘सर्व्हायव्हर’मध्ये क्रिस्टी स्मिथ ही पहिली बधिर स्पर्धक आली. तिला सोबतच्या स्पर्धकांनीच मत देऊन बाहेर काढलं. ऑस्कर मिळवलेली मार्ली मॅटलिन २००८ मध्ये ‘डान्सिंग विथ द स्टार्स’मध्ये नाचली, अंतिम फेरीपर्यंत पोहोचली नाही. गायिका मँडी हार्वीची श्रवणशक्ती १८ व्या वर्षी गेली, संगीत शिकत असतानाच. २०१७ मध्ये ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट’च्या मंचावर ती अनवाणी गायली, कारण तळपायांना ठेका जाणवतो. परीक्षक सायमन कॉवेलने तिच्यासाठी गोल्डन बझर दाबला. ती चौथी आली. जिंकली ती बाहुलीला बोलकं करणारी १२ वर्षांची मुलगी. म्हणजे डोळे पुसणारे सगळे मत देतातच असं नाही.

आणि प्रेक्षकांचं मत निव्वळ गुणांवर पडतं, हे तरी कुणी सांगितलं? २००५ चं ‘फेम गुरुकुल’ आठवा. रूपरेखा बॅनर्जीबरोबर जिंकला श्रीनगरचा काझी तौकीर. त्याच्या गाण्यावर परीक्षक काय बोलत, हे त्या वेळी टीव्ही बघणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. त्याच स्पर्धेत अरिजित सिंग होता, तो अंतिम फेरीआधीच बाहेर पडला. २००७ मध्ये ‘इंडियन आयडॉल’ प्रशांत तमांगने जिंकलं, त्याच्यासाठी दार्जिलिंगच्या लोकांनी एसएमएसचा पाऊस पाडला होता. लोक आपल्या गावच्याला मत देतात, आपल्या भाषेच्या, आपल्या समाजाच्या माणसाला देतात. देखण्या चेहऱ्यालाही देतात. त्याला आपण लोकप्रियता म्हणतो. मशीन लावलेल्या मुलीला मत पडलं, की तेवढं मात्र कीव ठरतं.

तुम्हाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. ‘तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता!’ हे कौतुक इथल्या किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. बघा, सगळ्यांनीच. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण त्या ‘असून’ मध्ये त्याची अपेक्षा दडलेली असते. मला दोन्ही ‘असून’ मिळतात. ‘ऐकू येत नसून किती छान काम करतेस.’ कीव येते ती याच ‘असून’ मधून. समोरच्याकडून काही अपेक्षाच नसली, की त्याचं साधं चांगलं कामही चमत्कार वाटतं. आणि चमत्कार वाटला, की पुढच्याच क्षणी शंका येते, हे खरंच त्याचं असेल का?

वाहिन्या यात तेल ओततात. स्पर्धक मंचावर यायच्या आधीच त्याची चित्रफीत दाखवतात. मंद पियानो, रडणारी आई, परीक्षकांचे भरलेले डोळे. गाणं दीड मिनिटाचं आणि दुःख पाच मिनिटांचं. सहानुभूती विकून टीआरपी मिळवतात वाहिनीवाले आणि ती मागितल्याचा आरोप सोसतो स्पर्धक. त्याने ती मागितलेलीही नसते.

मग त्याने मागितलेलं काय असतं? रोझच्या सरावाला सांकेतिक भाषेचा दुभाषी होता. मँडीसोबत मंचावर दुभाषी होती. याला कुणी उपकार म्हणत नाही, किमान म्हणू नये. ऐकणाऱ्या स्पर्धकाला सूचना ऐकू जातात, बधिर स्पर्धकाला त्या दिसायला हव्यात. त्यानंतर दोघांनाही एकाच मापाने मोजा. वाईट नाचली तर कमी गुण द्या, बाहेर काढा. दुभाषी दिला म्हणून नाच सोपा होत नाही. मुलाखतीला मी मशीन लावून गेले असते, तर मला जादा मार्क मिळाले नसते. फक्त प्रश्न कळले असते.

ब्रिटनमध्ये पुढे काय झालं तेही सांगते. २८ एप्रिल २०२२ रोजी ब्रिटिश सांकेतिक भाषेला कायद्याने मान्यता मिळाली. विधेयक मांडणाऱ्या खासदार रोझी कूपर यांचे आईवडील बधिर होते. रोझनेही त्यासाठी जाहीरपणे आवाज उठवला होता. बधिर लोकांची ही मागणी खूप जुनी होती. पण जिंकून आलेली बाई बिचारी राहत नाही, तिचं म्हणणं ऐकावं लागतं.

आपल्याकडेही कायदा आहे. २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्याच्या नावातच ‘हक्क’ हा शब्द आहे. सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत २०१५ पासून राष्ट्रीय संस्था आहे. वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची श्रवणदोषाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या ५० लाखांवर होती. यातले किती जण आज या हॉलमध्ये असायला हवे होते? आणि आले असते, तर त्यांना माझं भाषण कळलं असतं का?

म्हणून तीन कामं सांगते. तुम्ही रील्स आणि व्हिडिओ टाकता, त्यांना मराठीत सबटायटल द्या. मोबाइलवर थोडा जादा वेळ लागतो, इतकंच. पुढच्या शिबिराच्या बजेटमध्ये जेवण आणि मंडप यांच्यासोबत दुभाष्याचा खर्च धरा. आणि तुमच्या घरात कुणा मुलीला मशीन लागलं असेल, तर तिला ते झाकायला सांगू नका.

मी आता माझं झाकत नाही. ओढणी अशी मागे घेते, बघा. अम्मी अजून कधीतरी हात पुढे करते आणि मग स्वतःच थांबते. त्या मुलाला मात्र मी कधीच विचारलं नाही, की एकपात्री तुला आवडली होती का. आज तो भेटला तर विचारेन. नाही आवडली म्हणाला तरी चालेल. मशीनबद्दल बोलू नको म्हणेन, अभिनयाबद्दल बोल.

आता तुमचे प्रश्न घेऊ. दिवे चालूच राहू द्या.