पडद्यावरचे चिलखत



कार्यक्रमपत्रिकेत ‘चिलखत’ हा शब्द वाचून आपल्यापैकी काहींची अशी समजूत झाली असेल की, आज प्रतापगडच्या पायथ्याची हकीकत ऐकायला मिळणार. त्यांची निराशा करणे मला भाग आहे. मी ज्या चिलखताविषयी बोलणार आहे त्याने आजवर खऱ्या शत्रूचा एकही वार झेललेला नाही. ते पोलादाचे नाही, प्लास्टिकचे आहे; आणि ज्या सैन्याचा तो गणवेष, ते सैन्य या भूतलावर कधी अस्तित्वातच नव्हते. असे असूनही आज अनेक देशांत हजारो प्रौढ, कमावती, प्रपंचात पडलेली माणसे रात्री जेवणे आटोपल्यावर टेबलाशी बसून हे चिलखत तयार करीत असतात, आणि एका पट्टीची रुंदी दोन मिलिमीटरने चुकली म्हणून ती उखडून पुन्हा चिकटवीत असतात. हा वेडेपणा असेल तर तो कोणत्या जातीचा आहे, एवढेच आज आपल्याला पाहावयाचे आहे.

‘स्टार वॉर्स’ हा अमेरिकन चित्रपट १९७७ सालच्या मे महिन्यात प्रदर्शित झाला. दिग्दर्शक जॉर्ज लुकास. कथा अंतराळातील, पण गाभा आपल्या ओळखीचाच: एक जुलमी साम्राज्य, त्याविरुद्ध बंड करणारे मूठभर लोक, एक राजकन्या, एक गुरू आणि एक शिष्य. त्या साम्राज्याचे जे शिपाई आहेत त्यांना स्टॉर्मट्रूपर म्हणतात. नखशिखान्त पांढरे चिलखत, आत काळा अंगरखा, आणि चेहऱ्याच्या जागी कवटीची आठवण करून देणारे शिरस्त्राण. चिलखत एवढे भरभक्कम, पण चित्रपटात नायकाच्या बंदुकीचा एक झोत लागला की शिपाई आडवा! संरक्षणाच्या दृष्टीने त्याचा काडीचा उपयोग नाही. उपयोग दिसण्यापुरता.

आता हे दिसणे कसे घडले ते ऐका. राल्फ मॅक्वारी नावाच्या चित्रकाराने आधी रंगचित्रे काढली. त्यांवरून इंग्लंडमध्ये निक पेंबर्टन यांनी शिरस्त्राणाचा मातीचा नमुना केला. अंगावरच्या चिलखताचे नमुने ब्रायन म्यूर या शिल्पकाराने घडविले. मग लंडनजवळच्या ट्विकनहॅम येथे अँड्र्यू एन्सवर्थ यांनी त्या नमुन्यावरून साचा करून पन्नास शिरस्त्राणे काढून दिली. पद्धत सोपी आहे. प्लास्टिकचा पत्रा तापवून पापडाच्या लाटीसारखा मऊ करावयाचा, साच्यावर टाकावयाचा आणि खालून हवा खेचून घ्यावयाची. पत्रा साच्याला घट्ट बिलगतो, आणि निवला की तोच आकार धरतो. १९७६च्या मार्चमध्ये ट्युनिशियाच्या वाळवंटात चित्रीकरण सुरू व्हावयाचे होते. वेळ थोडा, पैसा बेताचा, आणि हा चित्रपट पुढे जगभर गाजणार आहे हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. तेव्हा पडद्यावर क्षणभर दिसेल तेवढे नीट, बाकी निभावून नेणे, हाच रोख.

त्यामुळे त्या मूळ वस्तू निरखून पाहिल्या तर मौज वाटते. शिरस्त्राणाची डावी आणि उजवी बाजू सारखी नाही, कारण नमुना हाताने मातीत केला होता. तोंडाच्या जागची दातांसारखी भोके हातानेच कापलेली, म्हणून ओबडधोबड. गालांवरच्या निळ्या रेघा ब्रशने मारलेल्या. एका शिरस्त्राणावर त्यांची संख्या एक, दुसऱ्यावर दुसरी. कान बसविण्याचे स्क्रू उघडे दिसतात. हातमोजे रबरी, बूट पांढरा रंग फासलेले. कमरेमागे जो भयंकर बाँब म्हणून लटकतो तो नळीचा तुकडा आहे. आणि बंदूक? ती तर आपल्याकडच्या निवृत्त फौजी मंडळींनी ओळखावी. ती स्टर्लिंग या ब्रिटिश बनावटीची सबमशीनगन आहे. हिचीच कार्बाइन परवान्याने कानपूरच्या कारखान्यात तयार होत असे आणि आपल्या सैन्याने व पोलिसांनी ती वर्षानुवर्षे खांद्याला लावली. तिच्यावर दुसऱ्या महायुद्धातील रणगाड्याची दुर्बीण आणि एक मोजणीयंत्र बसविले, नळीवर प्लास्टिकच्या पट्ट्या चढविल्या, की झाले अंतराळातले शस्त्र!

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ज्याला हे चिलखत आज घरी करावयाचे आहे त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक वाट सुधारणेची. दोन्ही बाजू सारख्या कराव्यात, रेघा पट्टीने आखाव्यात, स्क्रू लपवावेत; म्हणजे मूळ कल्पनेतला शिपाई जसा असावयास हवा होता तसा घडवावा. दुसरी वाट अशी की, पडद्यावर जे होते ते, तसेच, वेडेवाकडे असेल तर वेडेवाकडे. या पंथातले लोक दुसरी वाट धरतात, आणि माझ्या मते त्यातच सगळे मर्म आहे. ते चुकांचीही नक्कल करतात. घाईघाईने कापलेला दात ते सावकाश, महिनाभर विचार करून, तितकाच वाकडा कापतात. मूळ कारागिराला जो स्क्रू बाजारात सहज मिळाला म्हणून त्याने वापरला, तसाच स्क्रू हे लोक शोध शोध शोधून आणतात. पोथीची नक्कल करणारा लेखक मूळ पोथीतला चुकलेला कानासुद्धा जसाच्या तसा उतरवतो, कारण शुद्धलेखन तपासणे हे त्याचे काम नव्हे, त्यातली ही निष्ठा आहे. फरक एवढाच की, पोथी परंपरेने पवित्र असते. या वस्तूला पवित्र ठरविले ते चित्रगृहात बसलेल्या लहान मुलांनी. त्यांनी जे पाहिले ते त्यांना परत हवे आहे. सुधारलेले दिले तर ते त्यांनी पाहिलेले राहणार नाही.

यासाठी १९९७ साली अमेरिकेत एक संस्थाच निघाली. अल्बिन जॉन्सन नावाच्या, दक्षिण कॅरोलिनातल्या एका नोकरदार गृहस्थाने ती काढली. मोटारीच्या अपघातामुळे या गृहस्थाला एक पाय गमवावा लागला होता, हे ध्यानात ठेवा. संस्थेचे नाव ‘पाचशे एकावी पलटण’, म्हणजे ‘फाइव्ह-ओ-फर्स्ट लीजन’. आज तिचे दहा हजारांवर सभासद आहेत. वर्गणी भरली आणि सभासद झालो असे तेथे चालत नाही. प्रत्येक वेषाचे लेखी मानक छायाचित्रांसह ठरलेले आहे. उमेदवाराने चिलखत चढवून पुढून, मागून, बाजूंनी काढलेली छायाचित्रे पाठवावयाची. परीक्षक ती मानकाशी ताडून पाहतात. पास झाला तर क्रमांक मिळतो. त्यावरही पुढच्या पायऱ्या आहेत. सर्वांत वरच्या पायरीला रोमन सैन्यातल्या शतकाधिपतीवरून ‘सेंच्युरियन’ हे नाव आहे, आणि तेथे पोहोचणाऱ्याची पट्टी अन् पट्टी तपासली जाते.

करण्याची रीत थोडक्यात सांगतो. साच्यातून काढलेले भाग विकत मिळतात. ते एबीएस या प्लास्टिकचे, दीड ते दोन मिलिमीटर जाडीचे असतात. धारदार पात्याने रेघ ओढून वाकवले की कडा कटकन मोडते, मग पॉलिशपेपर. हातापायांचे भाग दोन अर्धुकांत येतात. ती कडेला कड लावून जोडावयाची आणि सांध्यावर पंधरा, वीस किंवा पंचवीस मिलिमीटर अशा ठरावीक रुंदीची पट्टी चिकटवावयाची. गोंद वाळायला एक-दोन दिवस लागतात, तोवर आतून-बाहेरून लोहचुंबक लावून पट्टी दाबून धरतात. एखादी फट राहिलीच तर कापताना उरलेले तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून त्याचाच लगदा भरावयाचा. पिंडरीचा भाग नीट बसत नसेल तर तो कढत पाण्यात धरून हलकेच वळवावयाचा. पाणी जास्त तापले की आठवड्याची मेहनत फुकट! शेवटी आतून इलॅस्टिकच्या पट्ट्या आणि टिचबटणे. बाहेरून राकट योद्धा दिसणारा हा गडी आतून पाहिला तर थेट शिंप्याच्या दुकानातला वाटतो.

सगळ्यांत अवघड गोष्ट मात्र माप. मूळ चिलखत उंच, सडपातळ नटांच्या बेताने केलेले. चित्रपटात राजकन्या वेषांतर केलेल्या नायकाला त्याच्या बुटकेपणावरून टोमणा मारते, तो या मंडळींच्या फार जिव्हारी लागलेला आहे. ठेंगण्या माणसाला मांडीचा भाग वरून थोडा, खालून थोडा असा कापून घ्यावा लागतो. पोट सुटलेल्याला बगलेत जोड द्यावे लागतात. पडद्यावरचा शिपाई हुबेहूब हवा, पण आतला देह आपलाच आहे, त्याचे काय करणार? येथे मानकही थोडे नमते. प्रमाण राखा म्हणते; उंची वाढवा असे म्हणत नाही.

आणि घालणे! बोहल्यावर चढणाऱ्या नवरदेवाला जेवढी माणसे लागत नाहीत तेवढी याला लागतात, असे म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल. पण एकट्याने हे चिलखत चढविणे जवळजवळ अशक्य आहे. एकदा चढविले की खाली बसता येत नाही, जिना चढताना गुडघा अडतो, आणि चालताना दोन कडांच्या मध्ये कातडी सापडून चिमटा बसतो. शिरस्त्राणातून पायाखालचे दिसत नाही. स्वतःचा श्वास कानात घुमतो, भिंगावर वाफ धरते. म्हणून आत चिमुकले पंखे बसवितात. पहिल्याच चित्रपटात एका शिपायाचे डोके दाराच्या चौकटीवर आपटते, आणि तो प्रसंग तसाच राहून गेला. आत डोके घातलेल्या कोणालाही त्याचे नवल वाटत नाही. त्यामुळे बाहेर पडताना साध्या कपड्यातला एक सोबती हाताशी असतो. तो पायरी आली की सांगतो आणि पाणी पाजतो.

या लोकांविषयी एक आक्षेप आहे, आणि तो मला हलका वाटत नाही. हा गणवेष कोणाचा? ‘स्टॉर्मट्रूपर’ हा शब्द इंग्रजीत पहिल्या महायुद्धातील जर्मन हल्लापथकांसाठी आला आणि पुढे हिटलरच्या तपकिरी सदऱ्यातल्या टोळ्यांना चिकटला. चित्रपटाचे वेषकार जॉन मोलो हे सैनिकी गणवेषांच्या इतिहासाचे जाणकार होते. त्यांना या कामाबद्दल ऑस्कर मिळाले. साम्राज्याच्या अधिकाऱ्यांच्या अंगावर जर्मन गणवेषाची छाया पडली आहे ती काही अजाणतेपणी नव्हे. तेव्हा जुलमी राजवटीच्या शिपायाचा वेष भल्या माणसांनी हौसेने का घालावा? कोणी म्हणेल, दशावतारात राक्षसाचे सोंग कोणीतरी घेतोच. खरे आहे, पण रंगभूमीवरच्या राक्षसाला चेहरा असतो, अहंकार असतो, त्याचा वध होतो. या शिपायाला चेहराच नाही. माणूस पुसून क्रमांक ठेवणे, हाच त्या वेषाचा हेतू.

यावर पलटणीने शब्दांनी दिलेले उत्तर फारसे खोल नाही. आम्ही दुष्टांच्या वेषात सत्कर्म करतो, असे ते म्हणतात. कृतीने दिलेले उत्तर मात्र ऐकण्यासारखे आहे. हे लोक आपल्या खर्चाने रुग्णालयांत आजारी मुलांकडे जातात. बिदागी घेत नाहीत, कोणी द्यावयास आला तर ती एखाद्या धर्मादाय कामाला द्यावयास सांगतात. ज्याला पाहून पडद्यावर सगळे पळतात तो खाटेशी येऊन मुलाची आज्ञा ऐकतो. आत कोण आहे हे मुलाला कळत नाही, कळवतही नाहीत. हुबेहूबपणाचा हट्ट मला येथे प्रथम सार्थ वाटला. मूल फार कडक परीक्षक असते. सैल, ओळखू येणारे सोंग असते तर मुलाने ‘काका’ म्हटले असते. खराच शिपाई आला आहे अशी खात्री पटली तरच त्याला हुकूम सोडण्यात गंमत.

कायद्यानेही या शिरस्त्राणाचा विचार केला आहे. एन्सवर्थ यांनी २००४ साली आपल्या साच्यांवरून शिरस्त्राणे विकावयास आरंभ केला, लुकास यांच्या कंपनीने दावा लावला, आणि तो ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै २०११मध्ये निकाल लागला. हे शिरस्त्राण शिल्प आहे काय, असा प्रश्न होता. शिल्प ठरले तर स्वामित्वहक्काचे दीर्घ संरक्षण. न्यायालयाने सांगितले की, ते शिल्प नव्हे. कलाकृती असेल तर चित्रपट, आणि शिरस्त्राण हे तो चित्रपट तयार करण्याच्या प्रक्रियेतले एक साधन. मात्र अमेरिकेतल्या हक्कभंगाचा दावा इंग्लंडच्या न्यायालयात चालविता येईल, असेही ठरले. निकाल कायद्याने बरोबर असेल. पण साधन म्हणून वापरलेली वस्तू काम संपल्यावर भंगारात जाते. तिचा वाकडा दात पस्तीस वर्षांनी कोणी मोजत बसत नाही.

जॉन्सन यांची कथा थोडी राहिली आहे. त्यांची लहान मुलगी केटी हिला मेंदूचा कर्करोग झाला. चित्रपटात एक यंत्रमानव झोपलेल्या नायिकेवर पहारा देतो. तसा आपल्या केटीलाही हवा, असे तिच्या बहिणीने सुचविले. यंत्रमानवांच्या नकला घरी करणाऱ्या हौशी मंडळींनी मग एक गुलाबी यंत्रमानव घाईने पुरा केला. त्याचे नाव ठेवले आर-टू-केटी. तो तिच्यापर्यंत वेळेत पोहोचला. २००५च्या ऑगस्टमध्ये केटी गेली.

त्याच वर्षी आलेल्या चित्रपटात खलनायकाच्या तुकडीला ‘पाचशे एकावी’ हे नाव मिळाले होते; हौशी लोकांनी योजलेला आकडा मूळ कथेत गेला. १ जानेवारी २००७ रोजी पॅसाडेना येथील रोझ परेडमध्ये लुकास प्रमुख होते आणि त्यांच्यामागून पलटणीचे दोनशेच्या सुमारास शिपाई घरच्या चिलखतांत संचलन करीत गेले. २०१५च्या चित्रपटात गुलाबी आर-टू-केटी पडद्यावर आली. २०१९ साली आलेल्या ‘द मँडलोरियन’ या मालिकेच्या पहिल्या भागमालेचा शेवट चित्रित करताना निर्मात्यांकडे शिपायांचे वेष कमी पडले, तेव्हा त्यांनी पलटणीला बोलावणे धाडले. सभासद आपापली चिलखते घेऊन गेले आणि कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. त्या प्रसंगातला शिपाई आता ज्याला हुबेहूब करावयाचा असेल त्याला घरी केलेल्या पट्ट्याच मोजाव्या लागतील.