एनसी मागे घ्यायची आहे? आधी हे ऐका

आजचा विषय माझ्या घरचाच आहे. पोलिसांत दिलेली छोटी तक्रार मागे घेता येते का?

मी राहतो वाडीत. नागपूरकरांना माहीत आहे, अमरावती रोड, ट्रक आणि ट्रान्सपोर्टची गोडाऊनं. गाडी लावायच्या जागेवरून शेजारच्या काकांच्या मुलाशी माझी जुंपली. तो शिव्या देऊन म्हणाला, "पाहून घेतो तुले!" मी रागारागात ठाण्यात गेलो आणि एनसीची प्रत घेऊन घरी आलो. वाटलं, जिंकलो.

दोन महिन्यांनी काका घरी आले. चहालाही नको म्हणाले. "बाळा, पोरगा भरतीची तयारी करून राहिला. चारित्र्य पडताळणीत तुझी तक्रार आडवी आली तर?"

खरं सांगतो, माझा राग केव्हाच गेला होता. मी दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेलो आणि म्हणालो, "साहेब, ती एनसी रद्द करा."

हवालदार म्हणाले, "एनसी रद्द होत नसते, भाऊ."

आता नीट ऐका. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. शिवीगाळ, किरकोळ मारहाण असे प्रकार यात येतात. न्यायाधीशांच्या आदेशाशिवाय पोलीस याचा तपास करू शकत नाहीत. 1 जुलै 2024 पासून हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 174 मध्ये आहे. आता अशा नोंदींचा अहवाल दर पंधरा दिवसांनी न्यायाधीशांकडे पाठवायचा असतो. म्हणजे नोंद झाली की ती खोडता येत नाही. आपण फक्त लेखी अर्ज देऊ शकतो की वाद मिटला आहे, मला पुढे कारवाई नको. त्याची पोच मात्र नक्की घ्या.

अर्ज लिहिताना मी घोळ करणार होतो. काकांच्या मुलाचं भलं व्हावं म्हणून लिहायला बसलो, "माझी तक्रार खोटी होती." आई म्हणाली, "काहून खोटं लिहितो? त्यानं शिव्या दिल्याच होत्या ना?" बरोबर होतं तिचं. पोलिसांना जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा स्वतःच गुन्हा आहे. मी तो केलाच नव्हता, मग कबूल कशाला करायचा? म्हणून मी लिहिलं, "आपसात समजूत झाली आहे." मिटलं आणि खोटं, यात फार फरक आहे मित्रांनो.

अर्ज घेताना हवालदारांनी विचारलं, "कोणाचा दबाव तर नाही ना?" हा प्रश्न तुम्हीही स्वतःला विचारा. धमकी असेल, घरात मारहाण होत असेल, तर लोक म्हणतात म्हणून सही करू नका. 15100 या नंबरवर कायदेशीर मदतीची माहिती मिळते. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो.

आणि एफआयआर असेल तर? तो ठाण्यात अर्ज देऊन मागे जात नाही. काही गुन्ह्यांत कोर्टासमोर तडजोड होते, ते कलम 359. बाकीच्यांत उच्च न्यायालयात जावं लागतं, आपल्यासाठी नागपूर खंडपीठ. पण खून, बलात्कार, दरोडा अशा गुन्ह्यांत समेट झाला म्हणून खटला रद्द होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ग्यान सिंग प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

अर्जाची पोच मी काकांना नेऊन दिली. त्या दिवशी चहा त्यांच्या घरी झाला. मुलगा आतून आला, म्हणाला, "दादा, चुकलं माझं." मी म्हणालो, "माझंही." हे दोन शब्द पहिल्याच दिवशी बोललो असतो, तर ठाण्याची पायरीच चढावी लागली नसती.

तुमचा असा काही अनुभव असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!