पाटीवरचे नाशिक



'वाईनची राजधानी' अशी आपल्या शहराची ओळख आज प्रवाशांना करून दिली जाते. पाहुणे यावेत, चार घरांच्या चुली पेटाव्यात, याला आम्हां कामगारांचा विरोध कशाला असेल? द्राक्षबागेत छाटणी करणारे आमचेच भाऊबंद आहेत. प्रश्न एवढाच की, बाकीचे नाशिक गेले कुठे?

पांडवलेण्यांत उषवदाताचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी व किरकोळ खर्चासाठी त्याने ३००० कार्षापणांची ठेव ठेवली, ती गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. क्षत्रप नहपानाचा हा जावई. त्याने विश्वास टाकला तो विणकरांच्या संघावर! केवढी ही श्रमिकांची पत! पुढे १९३० साली बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही काळारामाच्या दाराशी उभे राहिले, तेही याच गावात. तांबट आळीतले कारागीर आणि नाशिकरोडला नोटा छापणारे हात, हेही नाशिकच.

आमची मागणी साधी आहे. प्रवाशांच्या नकाशात द्राक्षबागेशेजारी तो लेख, ते दार आणि ती आळीही छापा. आपल्या श्रमाचा इतिहास आपण सांगितला नाही, तर आपली किंमत जाहिरातवालेच ठरवतील.