बाळाच्या वजनाचं पासबुक



आपल्या सोसायटीत आता नातवंडं रांगू लागली आहेत. ‘बाळ अंग धरत नाही’ ही काळजी लिफ्टमध्ये नेहमी ऐकू येते. बँकेत ३८ वर्षं काढलेला माणूस काय सांगणार? आधी पासबुक बघा! बाळाच्या कार्डावर वजनाचा तक्ता असतो, त्यात नियमित नोंद करा. पहिल्या वाढदिवसाला वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षी मात्र दोन-अडीच किलोच वाढतं.

माझ्या दीड वर्षाच्या नातीची रेषा तीन महिने आडवी राहिली. घरात कुणाला झोप नव्हती. डॉक्टरांनी तपासलं, आजार नव्हता, इवलंसं पोट दुधानंच भरत होतं. सूनबाईंनी दूध दिवसाला ५०० मिलिलिटरच्या आत आणलं. दर अडीच-तीन तासांनी थोडं थोडं खाणं सुरू झालं: नाचणीची खीर, मुगाची मऊ खिचडी, कुस्करलेलं केळं, उकडलेलं अंडं. खिचडीत चमचाभर तूप, म्हणजे ४५ कॅलरी. वाटी तेवढीच, जमा जास्त! बळजबरी बंद. चार महिन्यांत रेषा वर वळली.

तुमच्याकडे रेषा आडवी झाली, तर आधी डॉक्टरांना दाखवा. आणि शेजारच्या बाळाशी तुलना नको. प्रत्येकाचं खातं वेगळं असतं.