संशोधनाच्या दाराशीं

अभियांत्रिकीची पदवी हातीं पडली, कीं घरोघर एकच प्रश्न निघतो : “पुढील प्रवेशास गुण किती लागतात ?” मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेला, निवृत्त शिक्षक. तरी जुन्या विद्यार्थ्यांचे पालक हा प्रश्न घेऊन येतात, तेव्हां मी त्यांस उलट विचारतों, “मुलाला शोधावयाचें आहे काय ?”

प्राध्यापक सतीश धवन यांचें उदाहरण घ्या. लाहोरच्या पंजाब विद्यापीठांत त्यांनीं गणित व पदार्थविज्ञान, इंग्रजी वाङ्मय आणि यंत्रशास्त्र यांचा अभ्यास केला; नंतर अमेरिकेंत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें १९५१ सालीं डॉक्टरची पदवी मिळविली. त्यांचा प्रश्न दिसावयास लहान होता : वेगानें वाहणारी हवा पृष्ठभागास घांसून जातांना त्यास किती जोरानें ओढते ? हा जोर अत्यंत अल्प. तो मोजण्यासाठीं पृष्ठभागाचा एक लहानसा तुकडा भोंवतालच्या भागापासून सुटा ठेवून, तो हवेनें किती सरकतो हें पाहण्याची युक्ति त्यांनीं योजिली.

त्याच वर्षीं ते बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें आले. तेथें रोद्दम नरसिंह हे त्यांचे शिष्य झाले, व १९५८ सालीं उभयतांचा निबंध प्रसिद्ध झाला. पृष्ठभागालगतचा संथ प्रवाह एकाएकीं खवळत नाहीं. प्रथम खळबळीचे तुरळक ठिपके उठतात व पुढें ते सारा प्रवाह व्यापतात. या स्थित्यंतराचें गणित त्या निबंधांत आहे. विमानास होणारा हवेचा अवरोध, आणि पर्यायानें इंधनाचा खर्च, या गोष्टीशीं निगडित असतो.

आतां अटींकडे वळूं. आपल्याकडे एम. टेक.चें मुख्य द्वार म्हणजे ‘गेट’ परीक्षा. तिचे गुण तीन वर्षें ग्राह्य धरतात. संशोधनाच्या पदवीसाठीं मुलाखतही होते, व तींत मूलभूत गणिताची कसोटी लागते. अमेरिकेंत गुणपत्रक, बहुधा तीन शिफारसपत्रें आणि आपण काय व कां शिकूं इच्छितों याचें निवेदन मागतात. ‘जीआरई’ची सक्ति मात्र पुष्कळ विद्यापीठांनीं उठविली आहे.

या अटी पुऱ्या करणारे पुष्कळ असतात. माझा एक बुद्धिमान विद्यार्थी उत्तम गुणांनीं एका नामांकित संस्थेंत गेला आणि तिसऱ्या वर्षीं काम अर्धवट टाकून परतला. त्यानें संस्थेचें नांव पाहिलें होतें. विषय पाहिलाच नव्हता. तारुण्यांतलीं तीन वर्षें कोण परत देणार ?

म्हणून पालकांस विनंति आहे, कीं अर्ज भरण्यापूर्वीं मुलास त्या प्राध्यापकांचे दोन-तीन निबंध वाचूं द्या. त्यांचे आजचे विद्यार्थी कशावर काम करतात, पूर्वींचे कोठें गेले, याची चौकशी करूं द्या. वाचतांना एखादी शंका आली, तर तिच्यासह प्राध्यापकांस थोडक्यांत पत्र लिहूं द्या. मात्र तें पत्र त्याचें त्यानेंच लिहावें. आपण वडील माणसांनीं त्यास हात लावूं नये.